पाचव्या घराचा जोगवा

माझ्या आईने एकदा माझ्याच दारात उभं राहून जोगवा मागितला आणि मी तिला म्हणालो, "पुढं व्हा, बाई." भिकाऱ्याला म्हणतात तसं. ही गोष्ट मी कितीतरी वर्षं कुणाजवळ बोललो नाही. रंगूनची सफर मात्र ज्याला त्याला मिटक्या मारत सांगितली. पण ते "पुढं व्हा" गाळून रंगून सांगणं म्हणजे निम्मं खोटंच बोलणं होतं. आता सत्तरी ओलांडली, लपवून तरी काय करायचंय? म्हणून दोन्ही सांगतो.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी गंगाखेडच्या सरकारी शाळेत भूगोल शिकवत होतो. शिकवणं सगळं उर्दूत, आणि आठवड्याची सुट्टी जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी. रविवारी शाळा भरायची. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नसे, जगभर असंच असेल अशी आमची समजूत. माझं मूळ गाव राणीसावरगाव. तिथं धाकटा भाऊ शेती बघायचा आणि आई त्याच्याकडे राहायची. आई देवीची आराधीण होती. मंगळवारी आणि शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात वेताची परडी घेऊन ती गावात जोगवा मागायची. पाच घरं, ना एक कमी ना एक जास्त. कुणी पीठ घाली, कुणी जोंधळे. ते शिजवून देवीला दाखवायचं आणि मग आपण खायचं. घरात जोंधळ्याची कणगी काठोकाठ भरलेली असली तरी त्या दोन दिवशी जेवायचं ते मागूनच. लहानपणी मी तिचा पदर धरून या पाच घरी हिंडलो आहे आणि मला त्यात मौज वाटायची. पुढं शिकलो, अंगात शेरवानी आली, लोक मास्तर म्हणायला लागले, आणि ती परडी मला डोळ्यांसमोर नकोशी झाली.

त्या दिवशी आई पर्वणीच्या स्नानाला गंगाखेडला आली होती. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. वार शुक्रवार. आईने गावात चार घरं मागितली आणि पाचवं माझं ठेवलं. मी ओट्यावर बसलो होतो. शेजारी शाळेचे सदर मुदर्रिस, म्हणजे मुख्याध्यापक, आणि दोन मास्तर. सदर मुदर्रिस हैदराबादचे, बोलण्याचालण्यात मोठे नफीस, अगदी सभ्य आणि टापटिपीचे. आई अनवाणी, ओल्या लुगड्यानं, कपाळभर कुंकू लावून समोर उभी राहिली आणि "आई उदे, जोगवा वाढा" म्हणाली. तिच्या तोंडावर हसू होतं. लेकाची गंमत करावी तसं काहीतरी तिच्या मनात असावं.  ही माझी आई हे या लोकांना कळू नये एवढं एकच मला सुचलं, आणि माझ्या तोंडून ते शब्द गेले.

आई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं हाय, मास्तर. आई तुमचं भलं करो." आणि खरंच पुढं झाली. पलीकडं पिंजाऱ्याचं घर होतं, त्याच्या बीबीनं ओंजळभर जवारी आणून परडीत घातली. आई त्याच पावली गावाकडे गेली. मी संध्याकाळी घाटावर जाऊन शोधलं, पण ती निघून गेली होती. नंतर सावरगावला दोनदा गेलो. तिने जेवायला वाढलं, नातवंडांची चौकशी केली, त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही मूग गिळून बसलो. पुढच्या वेळी बोलू, असं प्रत्येक वेळी म्हणत राहिलो. थंडीत ती गेली.

तेराव्याला भावाने परडी माझ्यापुढं ठेवली. "थोरल्याचा मान हाय, दादा. परडी रिकामी ठेवू न्हाई म्हनत्यात. वहिनी घ्यायला तयार हायेत, तुमी फकस्त हो म्हना." माझी पत्नी दाराशी उभी होती. मी परडी उचलून आणली, पण हो म्हटलं नाही. ती घरातल्या फळीवर पडून राहिली आणि मला तिच्याकडे बघवेना. तिच्याकडे नजर गेली की ओल्या लुगड्याचा पदर आणि ते "बरं हाय, मास्तर" आठवायचं. माझी श्रद्धा तेव्हा फारशी नव्हती. तरी परडी चुलीत घालण्याची हिंमतही नव्हती. परडी जुनी झाली की वाहत्या पाण्यात सोडतात हे मला माहीत होतं. पण गंगेत सोडली तर खालच्या घाटावर कुणीतरी ओळखणार आणि मास्तरांची म्हणून आणून देणार. तेव्हा मी ठरवलं की ही समुद्रात सोडायची, जिथून ती परत येणार नाही.

समुद्राचं हे वेड मला आधीपासूनच होतं. सोळा वर्षं मी फळ्यावर निळ्या खडूने समुद्र काढत होतो आणि गोदावरीपेक्षा मोठं पाणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आमच्या पुस्तकात रंगूनचा धडा होता: सागवान, तांदूळ, इरावती नदी, सोन्याचा पॅगोडा. तो मी मुलांना इतक्या वेळा पढवला की रंगूनचे रस्ते मला परभणीच्या रस्त्यांपेक्षा जास्त पाठ झाले. ब्रह्मदेश तेव्हा नुकताच हिंदुस्थानातून वेगळा मुलूख झाला होता, म्हणजे खरोखरीचा परदेश. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एकटाच तिकडे निघालो. घरी सांगितलं की जग बघायला चाललो, आणि ते खरंही होतं. जन्मात कधी मी एकटा कुठं गेलो नव्हतो. पत्नीने दशम्या बांधून दिल्या, ट्रंकेत धोतराच्या घडीत लपवलेली परडीही तिने पाहिली, आणि धोतर पुन्हा नीट झाकून ठेवलं.

गंगाखेडहून परभणी, तिथून सिकंदराबाद, आणि मग मद्रास. मद्रासच्या धक्क्यावर मी समुद्र पाहिला आणि, खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. मी मुलांना सांगत आलो होतो की पृथ्वीवर जमिनीपेक्षा पाणी जास्त आहे. ते वाक्य किती मोठं आहे हे मला त्या दिवशी कळलं. पलीकडचा काठच नव्हता. सोळा वर्षं न बघता कशाबद्दल बोलत आलो, असं वाटून मी जागच्या जागी हात जोडले.

बोटीवर मी डेकचा उतारू होतो. आजूबाजूला भातगिरण्यांत कामाला चाललेली तेलुगू माणसं, बायका, गाठोडी, कोंबड्या. दुसऱ्या दिवशी दुपारी लोक पेंगत होते तेव्हा मी ट्रंकेतून परडी काढली, पंचाखाली धरली आणि कठड्याशी गेलो. पंचा वाऱ्याने उडाला. जवळच बसलेल्या एका म्हातारीला परडीच्या काठाला ओवलेल्या कवड्या दिसल्या. ती धडपडत उठली, "येल्लम्मा! येल्लम्मा तल्ली!" म्हणाली, परडीला डोकं टेकलं, आणि मी काही बोलायच्या आत आपल्या गाठोड्यातले मूठभर मुरमुरे सोडून तिने परडीत घातले. आमची रेणुका ती त्यांची येल्लम्मा, आणि तल्ली म्हणजे आई, एवढं मलाही ठाऊक होतं. झालं! आई म्हणायची की भरली परडी पाण्यात सोडू नये. देवावर विश्वास नसलेल्या माणसाला हा नियम मोडायला काय हरकत होती, पण माझा हात काही उठेना. स्वतःवर चिडत मी मुरमुरे फडक्यात बांधले, परडीतच ठेवले आणि परडी परत ट्रंकेत घातली. म्हातारी उतरेपर्यंत माझ्याकडे मोठ्या आदराने बघत होती.

रंगूनचे पहिले तीन दिवस मी हवेत चालत होतो. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, ट्रामगाड्या, माणसांनी ओढायच्या रिक्षा, नदीत जगभरच्या बोटी, आणि सगळ्यांच्या वर तो पॅगोडा. पुस्तकात लिहिलं होतं, उंच आहे आणि सोन्याने मढवलेला आहे. पण सकाळचं ऊन त्याच्यावर पडलं की काय होतं हे पुस्तकात नव्हतं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा रस्त्यात मधोमध थांबलो आणि मागचा ट्रामवाला घंटा बडवत राहिला. मला वाटलं, देव असला तर असा काहीतरी असेल, न मागता दिसणारा. भाषेचीही अडचण पडली नाही. आपली उर्दू तिथं घरच्यासारखी चालायची. खाणावळीच्या मालकाने काय करता विचारलं तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, हैदराबादच्या तालीम खात्यात, म्हणजे शिक्षणखात्यात, अफसर आहे. मला तिथं कोण ओळखणार होतं?

फजिती पुढं झाली, आणि ती मोगलाईतल्या, म्हणजे निजामाच्या मुलखातल्या, माणसाचीच व्हावी अशी झाली. माझी ट्रंक, पाकीट आणि परतीचं तिकीट मी बोट कंपनीच्या अमानतखान्यात, म्हणजे सामान सांभाळायच्या कचेरीत, ठेवलं होतं. कधीही या, सुट्टीचा दिवस सोडून, असं कारकुनाने सांगितलं. मी मनाशी हिशोब केला की सुट्टी जुम्म्याची, म्हणून गुरुवारीच जाऊन शनिवारपर्यंत लागतील तेवढे पैसे काढून आणले. त्याच वेळी परडीही काढून झोळीत टाकली, म्हटलं नदीवर कुठं मोका मिळाला तर बघू. रविवारी सकाळी खाणावळीतली खोली सोडली, कारण ती दुसऱ्याला दिलेली होती, आणि आरामात ट्रंक घ्यायला निघालो. दाराला भलंमोठं कुलूप. दरवानाला म्हणालो, "अहो, आज तर जुम्मा नाही." तो माझ्याकडे बघतच राहिला आणि म्हणाला, "जुम्मे से क्या मतलब? आज इतवार है." मी त्याच्याशी वाद घातला. भूगोलाचा मास्तर, सगळ्या देशांच्या राजधान्या तोंडपाठ, आणि साहेबाच्या राज्यात सुट्टी रविवारची असते हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दरवान जाता जाता म्हणाला, उद्याही बंद, पौर्णिमा आहे. वैशाखी पौर्णिमा, म्हणजे बुद्धाचा मोठा सण.

पॅगोड्याजवळच्या एका धर्मशाळेत पडायला जागा मिळाली. जेवणाचं मात्र ज्याचं त्याने बघायचं. खिशात काही उरलं नव्हतं. खाणावळीत परत जाऊन दोन दिवस उधारीवर जेवलो असतो, पण तिथं मी अफसर होतो ना! रविवारी संध्याकाळी पोट आवळून आलं तेव्हा म्हातारीचे मुरमुरे काढून खाल्ले. ते संपले. सोमवारी सणाची गर्दी लोटली. बायका डोक्यावर पाण्याच्या घागरी घेऊन पवित्र पिंपळाला घालायला चालल्या होत्या. रस्त्याच्या कडेला लोक मांडव घालून येईल त्याला भात आणि सरबत देत होते. साधं हात पुढं करायचं होतं. माझ्यापुढं लहानथोर रांगेत उभे राहून घेत होते आणि हसत होते. मी दोनदा रांगेपर्यंत गेलो आणि दोनदा परतलो. कुणी मला तिथून "पुढं व्हा" म्हणणार नव्हतं. मीच मला म्हणत होतो.

मंगळवारी पहाट फुटता फुटता मी उठलो. चालताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. आज तरी कचेरी उघडते की आणखी कुठला सण निघतो, कुणास ठाऊक. झोळीत हात घातला तर परडी हाताला लागली, रिकामी. मनात आलं, आता ही रिकामी आहे, आता काही अडत नाही. या परडीपायीच ही दशा झाली, असाही एक वेडा राग आला. मी नदीच्या रस्त्याला लागलो. वाटेत चपलेचा अंगठा तुटला, म्हणून चपला झोळीत टाकल्या आणि परडी दोन्ही हातांत धरली.

एका गल्लीच्या तोंडाशी मी थांबलो. समोरून भिक्षू येत होते. एकामागे एक, मोजले नाहीत पण पंचवीस-तीस तरी असतील. भगवी वस्त्रं, अनवाणी पाय, छातीशी धरलेलं काळं भिक्षापात्र, नजर खाली. पुढं एक पिकलेला म्हातारा, खांद्यातून वाकलेला. एकही जण तोंडातून शब्द काढत नव्हता. दारादारात माणसं आधीच उभी होती, भाताची भांडी घेऊन, वाट बघत. मागणारे गप्प, आणि देणारे गुडघे टेकून, हात जोडून देत होते. घेणारा मान हलवत नव्हता, आभार मानत नव्हता. आभार देणाऱ्याच्या तोंडावर होते. त्या गल्लीत कुणाचा दरारा नव्हता, कुणाची लाचारी नव्हती. वाफाळत्या भाताचा वास आणि पावलांचा बारीक आवाज, बस्स. एका दारात तर सुटाबुटातला बर्मी साहेब बूट काढून खाली बसला होता.

मला तिथं काय झालं हे मी नीट सांगू शकत नाही. मी भिंतीला टेकलो. एवढं मोठं शहर, सोन्याने मढवलेला तो पॅगोडा, आणि त्याच्या पायथ्याशी रोज सकाळी शिकली-सवरलेली माणसं पात्र घेऊन दारोदार जातात आणि शहर त्यांच्या पाया पडतं. माझी आई हेच करत होती. भरल्या घरातून अनवाणी निघायची, पाच दारांत रिकामी होऊन उभी राहायची आणि देणाऱ्याला आशीर्वाद देऊन यायची. हजार मैल लांब येऊन, समुद्र ओलांडून मला तिचं दर्शन घडत होतं, आणि मी तिला ओट्यावरून हाकललं होतं.

शेवटचा भिक्षू पुढं गेला. कोपऱ्यावरच्या दारातली बाई भांडं उचलून आत वळणार, इतक्यात तिची नजर माझ्यावर पडली. अनवाणी, दाढी वाढलेली, हातांत वेताची परडी. ती माझ्याकडे चालत आली. मी मान हलवली, नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तिची भाषा मला येत नव्हती आणि माझी तिला. तिने केळीच्या पानाचा तुकडा परडीत घातला, त्यावर दोन पळ्या भात घातला, आणि रस्त्यात गुडघे टेकून मला नमस्कार केला. मला! मी तिथंच ढसाढसा रडलो. आई गेल्यावर जे आलं नव्हतं ते सगळं त्या गल्लीत आलं. बाई घाबरली नाही. ती हात जोडून तशीच बसून राहिली आणि मला रडू दिलं.

मग माझे पाय आपोआप पुढच्या दाराकडे वळले. मी ठरवलं नव्हतं. एका चिनी सुताराचं दुकान होतं. मी दारात उभा राहिलो आणि चाळीस वर्षांच्या माझ्या आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "आई उदे. जोगवा." सुताराला त्यातलं अक्षर कळलं नसणार. त्याने रंधा बाजूला ठेवला, कपाळाचा घाम पुसला आणि दोन केळी आणून परडीत ठेवली. त्याच्यापुढं एक चहाचं दुकान होतं. फेज टोपी घातलेला एक जाडा माणूस चूल पेटवत होता. मी उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि तोच माझ्याआधी परडीकडे बघून बोलला.

"अरे, ये तो जोगवे की परडी है! आज मंगल है ना. कहाँ के तुम?"

मी म्हणालो, गंगाखेडचा, शाळेत मास्तर आहे. तो मोठ्याने हसला. त्याचं बालपण गोदेच्या काठी गेलं होतं, नांदेडच्या बाजूला. "हमारी अम्मा के दरवाजे पे बी आती थी एक माई. अम्मा जवारी डालती थी. कित्ते घर हुए?"

मी बोटांवर मोजलं. बोटीवरची म्हातारी, भातवाली बाई, सुतार. "तीन."

"तो मेरा चौथा," असं म्हणून त्याने डब्यातला मूठभर तांदूळ काढला, कागदात बांधला आणि परडीत ठेवला. ट्रंकेची हकीकत ऐकून तर त्याला हसू आवरेना. "मैं बी नवा आया तब जुम्मे कू दुकान बंद रखके बैठता था! ये मोगलाई नै मास्तर, यहाँ इतवार कू छुट्टी." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू थांबलं. "पयले खाओ. माई किसी कू भूखा नै रखती. पाचवां घर कर लेना. और सुनो, परडी कू ठंडी नक्को करना. घर लेके जाना."

ठंडी करणं म्हणजे पाण्यात सोडणं. मी तर त्याच्याजवळ त्याबद्दल ब्र काढला नव्हता. नदीच्या वाटेवर अनवाणी माणूस परडी घेऊन चाललाय, यावरून त्याने अंदाज केला असेल. असेलही. माझ्या अंगावर काटा आला एवढं खरं. त्याच्या बाकावर बसून मी तो भात आणि केळी खाल्ली. त्या घासांची चव अजून माझ्या जिभेवर आहे. खाऊन पाचव्या घरासाठी उठलो, पण तोवर ऊन वर आलं होतं, दारं मिटली होती, गल्लीत बाजाराची गडबड सुरू झाली होती. पाचवं घर रंगूनमध्ये झालं नाही.

कचेरी दहाला उघडली, ट्रंक मिळाली. दुपारी मी त्या चहावाल्याचे आभार मानायला गेलो. अशा गोष्टींत माणूस नाहीसा झालेला असतो असं मीही ऐकलं आहे. तो तिथंच होता. गिऱ्हाइकांनी घेरलेला, कपबशा आदळणारा, मला बघून "चाय?" म्हणाला आणि दुसऱ्याकडे वळला. तो देव नव्हता, चहावाला होता. देवाला माझ्यापर्यंत पोचायला तेवढं पुरलं. राहिलेले दिवस मी रोज पहाटे त्या गल्लीत जाऊन उभा राहायचो, बघायला. येताना बोटीवर परडी ट्रंकेत ठेवली नाही, मांडीवर घेऊन बसलो.

गंगाखेडला उतरलो तो शुक्रवार होता. स्टेशनवरून मी आधी गंगेवर गेलो, स्नान केलं आणि ओल्या धोतरानं, अनवाणी, परडी घेऊन घराकडे निघालो. परडीत चहावाल्याने दिलेल्या तांदळाची पुडी होती. सुट्टीचा दिवस, माझ्या ओट्यावर सदर मुदर्रिस बसले होते. मी परतणार कळल्यावर रंगूनच्या गोष्टी ऐकायला आले होते बिचारे. मला तशा वेषात बघून ते अर्धवट उठले.  मी माझ्याच दारासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "आई उदे. जोगवा वाढा." मग त्यांच्याकडे वळून उर्दूत सांगितलं, "साहेब, मागे पर्वणीला इथं एक बाई जोगवा मागायला आली होती. मी तिला पुढं पाठवलं. ती माझी वालिदा होती."  त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, पायातले जोडे काढले आणि ओट्यावरून खाली उतरून उभे राहिले.

पत्नी बाहेर आली. मला बघून तिला नवल वाटल्याचं दिसलं नाही. ती पुन्हा आत गेली आणि जरा वेळाने एक गाठ मारलेलं जुनं फडकं घेऊन आली. परडीवर धरून तिने ती गाठ सोडली. जवारी होती, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यात ठेवलेली.

"त्या दिवशी आत्याबाईंचा आवाज ऐकला आन् म्या सुपात जवारी घिऊन दाराशी आले," ती म्हणाली. "तवर तुमी पुढं व्हा म्हनलात. जोगव्याला काढलेली जवारी परत कणगीत घालू न्हाई. म्हनून बांधून ठिवली. म्हनलं, आत्याबाईंचं पाचवं घर हाय हे. कवा न् कवा मागायला येतीलच कुनी."

तिने सगळी जवारी माझ्या परडीत ओतली आणि वाकून पायाला हात लावला. इतक्या महिन्यांची ती जवारी, पण दाणा न् दाणा शाबूत होता, एकाला कीड नव्हती. त्याला देवीची कृपा म्हणावी की कडुनिंबाचा पाला, मला ठरवता आलं नाही आणि आता ठरवायचंही नाही. त्या दिवशी आम्ही तीच जवारी दळून, भाकरी करून देवीला दाखवली आणि खाल्ली. सदर मुदर्रिसांनीही अर्धी भाकरी मागून घेतली.

त्यानंतर दर मंगळवारी शाळेच्या आधी आणि शुक्रवारी सकाळी मी परडी घेऊन निघत आलो. राज्य बदललं, सुट्टी रविवारची झाली, माझी नोकरी संपली. पहिलं घर पिंजाऱ्याचं, आणि पाचवं नेहमी माझं स्वतःचं. मी देव शोधायला गेलो नव्हतो, उलट देवाची एक वस्तू फेकून द्यायला गेलो होतो, आणि देवीने तीच वस्तू हाती देऊन मला परत आणलं. मागायला लागलो तेव्हा मला कळलं की आजवर जे मिळालं ते सगळं मागितल्यावाचून मिळालेलं होतं. आता पाचव्या दाराशी, माझ्याच उंबऱ्यापाशी, मी दर वेळी क्षणभर थांबतो. आतून पत्नी सूप घेऊन येते. ती यायच्या आधी मी मनात आईला म्हणतो, "या बाई, पुढं नका जाऊ."